चाळीस रिंगांचं उसनं

सन एकोणीसशे शहाऐंशी, जानेवारीचा तिसरा आठवडा. थंडी अशी की लोखंडाला हात लावायला माणसं कचरत होती. त्या आठवड्यात माझा जन्म झाला.

मी लोखंडी पत्र्याचा तुकडा. तळहाताएवढा, दोन मिलिमीटर जाड, लाल रंग दिलेला. वर एक भोक, पोटावर ठोकलेला आकडा: सतरा. अंगावर लिहिलेलं एवढंच. वजन एकशेवीस ग्रॅम. हे वजन लक्षात ठेवा. पुढे त्यानंच घात केला.

कारखाना पाण्याच्या पंपांचा. तेव्हा सात माणसं होती. मालक स्वतः लेथवर उभे राहायचे. स्टोअर सांभाळायला एक माणूस होता. तिशीतला, चौथी शिकलेला, मोजकं बोलणारा. त्या वयातही सगळे त्याला काका म्हणत. तोंडच तसं होतं.

त्या दिवसांत माल संपायचा, आणि संपल्यावरच कळायचं की संपला. मालक ओरडायचे. काकांना वह्या लिहिणं जमत नव्हतं. म्हणून त्यांनी पंपाच्या तळपट्टीचे उरलेले तुकडे कापले, रंगवले आणि नंबर ठोकून मालाच्या प्रत्येक खोक्यात एकेक ठेवला. माझ्या खोक्यात खाली दोनशे रिंगा, त्यावर मी, माझ्यावर बाकीचा माल. घेणाऱ्याचा हात मला लागला की त्यानं मला उचलून स्टोअरच्या खिडकीत आणून द्यायचं. काका मला खिळ्याला टांगायचे. संध्याकाळी मी सायकलवर बसून माल बनवणाऱ्याच्या दारात. कागद नाही, सही नाही. मीच ऑर्डर.

मालक म्हणाले, "हा काय पोरखेळ?"

काका म्हणाले, "खेळच आहे. पण यात हरणार नाही आपण."

सतरा नंबर म्हणजे रबरी रिंग. पंपाच्या पोटात बसते. दिसायला काही नाही, पण ती नसली तर पंप म्हणजे चाळणी. ती बनवायची एक विधवा बाई, आपल्या दोन खोल्यांच्या मागे, हातानं दाबायच्या प्रेसवर. साचा कारखान्याचा, हात तिचे. काका तिला वहिनी म्हणत.

"आलात का भाऊजी? मला वाटलं, सतरा नंबर सासरी रमला."

"महिन्यातून तीनदा माहेरी येतो. अजून किती यायचं त्यानं?"

"येऊ द्या हो. तो आला की आमची चूल पेटते."

वहिनींकडे एक डबा कायम भरलेला असे. दोनशे रिंगा, मोजून. मी पोचलो की डबा उचलायचा, मला वर ठेवायचं, सुतळीनं बांधायचं. काका निघाले की वहिनी पुढचा डबा भरायला घेत. चौदा वर्षांत एकदाही रिंगेवाचून पंप अडला नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

मग कारखाना वाढला. सातांचे सत्तर झाले, सत्तरांचे दीडशे. नवी इमारत आली, काचेची केबिन आली. विक्रीला माणूस, खरेदीला माणूस, त्यांच्यावर आणखी माणसं. पूर्वी दोनशे रिंगा दहा दिवस पुरत. आता दोन दिवसांत साफ. माझ्याखालचा माल वाढवायला हवा होता. काकांनी वाढवला नाही. "इतकी वर्षं चाललंय," एवढंच म्हणत. हा काकांचा पहिला दोष. त्यांनी मला घडवलं म्हणून मी तो झाकणार नाही.

माल अडू लागला. अडला की आरडाओरडा, आणि आरडाओरडा झाला की लपवालपवी. ज्याच्या हाती चार रिंगा लागत, तो दोन वापरी आणि दोन खणात टाकी. उद्याची भीती. पंप जोडणारा फिटर काकांच्या हाताखाली तयार झालेला, कारखान्यातला सर्वांत सरळ माणूस. त्याच्याही खणात अकरा रिंगा होत्या. त्यानं त्या घरी नेल्या नव्हत्या, विकल्या नव्हत्या. काम अडू नये म्हणून ठेवल्या होत्या.

सुधारणा आल्या. एका वर्षी भिंतीवर सूचनांचे रंगीत फळे लागले. पुढच्या वर्षी टायवाले गृहस्थ आले, तीन दिवस सगळ्यांना बसवून बोलले, टाळ्या झाल्या, ते गेले. फळ्यांवर धूळ बसली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं. आधीची सुधारणा रुजायच्या आत दुसरी येई. माझ्या खोक्यात मात्र कुणी डोकावलं नाही.

मालक आजारी पडले तशी त्यांची मुलगी शिकून परतली. लहानपणी ती खिडकीच्या कट्ट्यावर बसून वायसरांच्या माळा करायची. काका तिला ताई म्हणत, आताही तेच म्हणत राहिले. ताई वाईट नव्हती. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. कारखाना बुडू द्यायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. पण तिच्या पायांना काचेच्या केबिनपासून स्टोअरपर्यंतची वाट माहीत राहिली नव्हती.

तिनं प्रत्येक खात्याला सांगितलं, आपापलं काम सुधारा. खात्यांनी सुधारलं. विक्रीवाल्यानं गिऱ्हाइकाला माल लवकर द्यायचं कबूल केलं. खरेदीवाल्यानं रिंगेसाठी लांबचा स्वस्त कारखाना शोधला. तिथून माल यायला तीन आठवडे लागत. स्टोअरला हुकूम आला, माल साठवायचा नाही, गरजेपुरताच आणायचा. तिघंही हुशार होते. तिघांनाही शाबासकी मिळाली. तिघांनी एका खाटेवर बसून बोलायला हवं होतं, ते झालं नाही.

वहिनींना कुणी कळवलं नाही. साचा न्यायला टेम्पो दारात आला तेव्हा त्यांना कळलं. त्यांचा भरलेला डबा फळीवर तसाच राहिला. तो काकांच्या शब्दावर भरला होता, आणि काकांच्या शब्दाला आता कागद लागत होता.

दोन हजार नऊचा ऑक्टोबर. कॉम्प्युटर आला. ताई खिडकीत आली, खूप दिवसांनी.

"काका, हे लाल पत्रे आता काढून टाका. काय संपलं ते कॉम्प्युटर सांगेल."

"तेवीस वर्षं झाली ताई याला."

"तेच ना काका. तेवीस वर्षं झाली."

ती सहज बोलली. काका खिळ्यांकडे बघत उभे राहिले. त्या दिवशी भिंतीवर टांगलेले माझे नऊ भाऊ भंगारात गेले. मी वाचलो, कारण मी खोक्याच्या पोटात होतो, रिंगांखाली. माझ्यासारखे अजून कितीतरी पोटात होते. वरून दिसत नव्हतो.

पुढचे दोन दिवस कारखाना बंद ठेवून मोजणी झाली. बाहेरची दोन माणसं आली होती. बारीक माल ते वजनावर मोजत. एका रिंगेचं वजन तीन ग्रॅम. खोकं काट्यावर ठेवायचं, खोक्याचं वजन वजा करायचं, बाकीचं तिनानं भागायचं. आकडा थेट कॉम्प्युटरात.

माझं खोकं उचललं. काका शेजारीच उभे होते.

"काका, यात सगळ्या रिंगाच आहेत ना?" त्यातल्या एकानं विचारलं.

मी रिंगांखाली होतो. मला वाटलं, आता काका हात घालून मला बाहेर काढतील. त्यांचा हात थोडा पुढे आलासुद्धा.

"तुम्ही शिकलेली माणसं," काका म्हणाले. "तुम्हीच बघा."

तो हसला आणि आकडा लिहिला. एकशेवीस भागिले तीन, चाळीस. मी चाळीस रिंगा झालो. कधीच नसलेल्या चाळीस रिंगा. काकांनी खिडकी लावून घेतली.

पाच महिने बरे गेले. मग एका बड्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली, सहाशे पंप, तारीख पक्की. ही नीट गेली असती तर पुढे दरवर्षी आली असती. कारखान्याचं सगळं तिच्यावर होतं. स्टोअरात बाकी काय, हे कॉम्प्युटरला विचारलं. तो म्हणाला, सतरा नंबर चाळीस आहेत. म्हणून खरेदीवाल्यानं पाचशे साठ मागवल्या. गरजेपुरत्या.

पाचशे साठ पंप जोडून झाले. ट्रक दारात उभा. फिटर खिडकीत आला.

"काका, चाळीस रिंगा द्या. संपलं मग."

काकांनी माझं खोकं पुढे ओढलं. आत मी एकटा.

ताई धावत आली. पडद्यावर चाळीस, खोक्यात शून्य. "गेल्या कुठं?" तिनं विचारलं. मग खण उघडायला लावले. फिटरच्या खणात अकरा सापडल्या. ताईनं त्या पुरावा म्हणून पाकिटात बंद केल्या.

"या कुठून आल्या?"

"कामासाठी ठेवल्या होत्या ताई. अडलं की लागतात."

"आणि बाकीच्या एकोणतीस?"

"बाकीच्या मला माहीत नाहीत."

"वा! अकरा माहीत आहेत आणि एकोणतीस माहीत नाहीत," खरेदीवाला म्हणाला. दोघं-तिघं हसले. फिटरची जेवणाची पिशवी दीडशे माणसांसमोर उलटी केली. एक डबा पडला, एक रुमाल, आईच्या औषधाची चिठ्ठी. फिटरनं खाली वाकून एकेक वस्तू उचलली. काकांकडे एकदा पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी त्यांच्या हातात होतो. पण बोलायचं म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं, की मला ठाऊक होतं आणि मी रागानं गप्प बसलो. ते त्यांनी केलं नाही.

त्यांनी मला सायकलला अडकवलं आणि वहिनींचं दार गाठलं. सवयीचा रस्ता.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. या वेळी थट्टा नाही.

"कंपनीला माल देणार नाही मी."

"कंपनीला नको. मला द्या. चाळीस."

"डब्यातल्या दोनशे विकत विकत तेवढ्याच उरल्यात. त्याही विहिरीचे पंप दुरुस्त करणाऱ्याला कबूल केल्यात. साचा नाही, पुन्हा कुठून करू?"

काका उन्हात उभे राहिले. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही, ते बसलेही नाहीत.

शेवटी वहिनी आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "विकत देत नाही. उसन्या देते. चाळीसच्या चाळीस परत हव्यात, याच मापाच्या."

"आणून देतो."

"तुमच्या शब्दावर देते. कंपनीचा शब्द मला कळत नाही."

त्यांनी सवयीनं मला वर ठेवलं आणि सुतळी बांधली. ट्रक सहा तास उशिरा गेला. फिटर त्याआधीच गेला होता. त्याला काढलं होतं.

काकांनी मला आपल्या खणात ठेवलं. तिथून मला फार काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येई. स्क्रू कमी निघाले, वायसर कमी निघाले, स्प्रिंगा कमी निघाल्या. सगळीकडे चोरी, असं ठरलं. किल्ल्या काकांकडून काढून घेतल्या. कॅमेरे लागले. माल घ्यायच्या एका चिठ्ठीच्या तीन चिठ्ठ्या झाल्या. घरच्या माणसांवर भरवसा नको म्हणून पुन्हा बाहेरची माणसं आणून पुन्हा वजनं केली, पुन्हा माझ्या भावांसकट. जी माणसं हात घालून सांगू शकली असती, त्यांना खोक्याजवळ येऊच देत नव्हते. चांगले कारागीर एकेक करून गेले. चोर म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं? बड्या गिऱ्हाइकाची दुसरी ऑर्डर आली नाही.

काका रोज खण उघडत, मला बघत आणि खण लावत. दहा महिने.

जानेवारीत बातमी आली, कारखाना विकायचा. घेणाऱ्याला फक्त जागा हवी होती. त्या दिवशी काकांनी मला खिशात घातलं आणि पहिल्यांदा काचेच्या केबिनचं दार ढकललं. हातात मोजणीचा काटा होता, मालाचा नंबर लावला की वजनाला भागून थेट नग दाखवणारा.

"ताई, यावर सतरा नंबर लाव."

ताईनं लावला. काकांनी मला काट्यावर ठेवलं. काट्यावर आकडा आला: चाळीस.

ताईनं मला उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा चाळीस.

"प्रत्येक खोक्यात?"

"बारीक मालाच्या प्रत्येक."

"तुम्हाला माहीत होतं, काका?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं..." काका थांबले. "नाही. विचारलं होतं. मीच सांगितलं नाही."

ताईनं तोंड हातांत झाकून घेतलं. रडली की नाही, ते मला कळलं नाही. मग म्हणाली, "पिशवी उलटी करायला मी सांगितलं होतं काका. मीच." तिनं एक कागद घेतला आणि लिहिलं, की फिटरनं काही चोरलं नव्हतं, चूक कारखान्याची होती. खाली सही केली. "हे त्याला द्या. मी पण येईन. आज माझ्यानं होणार नाही."

काका उठले, पुन्हा वळले. "एक मागतो. सतरा नंबरचा साचा. लांबच्या कारखान्यातून परत आलाय, भंगारात पडलाय."

"घेऊन जा."

फिटर रस्त्याकडेच्या एका दुकानात सायकली दुरुस्त करत होता. हात पुसून त्यानं कागद घेतला. वाचला. घडी घालून काकांच्या हातात परत दिला.

"आई गेली सप्टेंबरात," तो म्हणाला. "शेवटपर्यंत माझ्या हातचं जेवली. पण तू घेतल्यास का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, नाही घेतल्या म्हणून."

काकांनी कागदाची घडी आणखी लहान केली.

"बसा काका. चाक लावून होईस्तोवर थांबा, चहा सांगतो."

काका बसले. चहा आला. थंड झाला. कागद काकांनी त्याच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला. फिटरनं तो काढून टाकला नाही, एवढंच.

आता माझा रंग उडाला आहे. आकडा तेवढा शाबूत आहे. सांगायचं म्हणाल तर फार नाही. कारखाना वाढवा, कॉम्प्युटर आणा, माझी हरकत नाही. पण एकदा खोक्यात आपला हात घाला. आणि ज्याचा हात रोज आत जातो, त्याला विचारा. दोनदा विचारा. पहिल्यांदा माणूस रागात असतो.

कारखान्याला कुलूप लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका निघाले. सायकलला पुढे मी, मागे साचा. साचा जड होता, सायकल हातात धरून चालत नेली.

वहिनींनी साचा ओळखला. त्याच्यावरून हात फिरवला. प्रेस पुसली, तापायला ठेवली, रबराचे तुकडे कापून दिले.

"सरका भाऊजी, मी दाबते. तुमचे हात दुखतील."

"उसन्या मी घेतल्यात."

एका दाबात चार रिंगा. प्रत्येक दाबाला दहा मिनिटं. काका साठीच्या उंबरठ्यावर, दांड्याला लोंबकळून दाबत होते. घाम नाकावरून खाली गळत होता. वहिनी कात्रीनं कडा कापत होत्या. दहा दाब झाले. वहिनींनी रिंगा एकेक करून उजेडात धरल्या, एक बाजूला टाकली.

"ही चिरली आहे. राहू द्या, एकानं काय होतंय."

काकांनी पुन्हा रबर भरलं. अकरावा दाब.

मग दोघांनी मिळून मोजल्या. चाळीस डब्यात गेल्या, तीन वर उरल्या. वहिनींनी डब्याचं झाकण लावलं.